परळीची लॉरी आणि चोकची तार

गेल्या माघात मी नगरहून परळी वैजनाथपर्यंत लॉरीतून जाऊन आले. परत आल्यापासून आळीतल्या बायका एकच विचारतात, मोगलाईत भीती नाही का वाटली? प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं असं ठरवलं. भीती एकदाच वाटली आणि तिचा मोगलाईशी काही संबंध नव्हता.

आधी जाण्याचं कारण सांगते. माझे यजमान मोटारी दुरुस्त करतात. सगळं नगर त्यांना मिस्त्री म्हणतं. नवऱ्याचं नाव घ्यायची आपली रीत नाही, तेव्हा मीही इथे मिस्त्रीच म्हणते. परळीला आगगाडी आल्यापासून तिकडच्या एका देशमुखांना कापूस स्टेशनात नेण्यासाठी लॉरी हवी होती. मिस्त्रींनी चार महिने खपून एक जुनी विलायती लॉरी चालती केली होती, ती घ्यायचं देशमुखांनी ठरवलं. लॉरी परळीला पोचवायची आणि देशमुखांच्या ड्रायव्हरला ती नीट शिकवून यायचं, असं ठरलं.

लॉरीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. मिस्त्रींच्या हातात कला आहे, पण इंग्रजी त्यांना येत नाही. मी मुलींच्या मिशन शाळेत सात यत्ता शिकले आहे. चार महिने रोज दुपारी मी लॉरीशेजारी स्टुलावर बसून ते पुस्तक वाचायचे, मराठीत सांगायचे आणि ते बोनेटमध्ये डोकं घालून काम करायचे. म्हणजे शिकवायला जायचं तर मला नेणं भाग होतं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दुधातल्या दशम्या करून फडक्यात बांधून दिल्या.

वाचणाऱ्यांपैकी बहुतेकींनी मोटारीचं इंजिन पाहिलेलं नसेल, म्हणून एवढंच सांगते. या लॉरीत ड्रायव्हरच्या जागेपासून इंजिनापर्यंत दोन तारा जातात. एक पायाखालच्या पेडलपासून निघते. पेडल दाबलं की ती ओढली जाते, इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं आणि गाडी पळते. ती थ्रॉटलची तार. दुसरी समोरच्या फळीवरच्या बटणाला असते. इंजिन गार असताना हवेची वाट बंद करून ते चालू करायचं, एवढंच तिचं काम. ती चोकची तार. दोन्ही तारा लोखंडी वेटोळ्याच्या लांब नळ्यांमधून जातात.

नगर ते जामखेड

निघायच्या सकाळी स्टेशनाजवळ एक गृहस्थ आमची वाट पाहत उभे होते. अंगात काळी शेरवानी, पायाशी लाकडी पेटी. पेटीतून थेंब थेंब पाणी गळत होतं. ते पाटोद्याचे सलोत्री, म्हणजे गुरांचे डॉक्टर, करीमसाहेब. पाटोदा तालुक्यात गुरांना बुळकांडी लागली होती. तिच्यावरच्या लसीच्या बाटल्या रेल्वेनं नगरला आल्या होत्या आणि भुसा घातलेल्या बर्फात ठेवून त्यांना त्या तिकडे न्यायच्या होत्या.

"सर्व्हिस मोटार जामखेडपर्यंतच जाते," ते मिस्त्रींना म्हणाले. "पुढं बैलगाडी करावी, तर तहसीलचा हुकूम आहे, त्या रस्त्यावर बैल नेऊ नका, रोग पसरेल. आता तुमच्या लॉरीला तर बुळकांडी लागत नाही, मिस्त्रीसाब."

मिस्त्री हसले आणि त्यांनी पेटी स्वतः उचलून आत ठेवली. बाटल्या तापल्या तर लस वाया जाते, हे करीमसाहेबांनी वाटेत समजावून सांगितलं. दर दोन कोसांवर ते गाडी थांबवायला लावत, पेटीवरचं गोणपाट भिजवत आणि मग "चला, बिस्मिल्ला" म्हणून परत बसत. जामखेडला धर्मशाळेत उतरलो तेव्हा बर्फ अर्ध्याच्या वर होता.

सौताड्याचा घाट

दुसऱ्या दिवशी मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची, हद्द लागली. इकडे आपल्याकडे जकात नाका, तिकडे करोडगिरी नाका. पाटी उर्दूत, कारकून मराठी आणि वही पुन्हा उर्दूत. त्या कारकुनाला लॉरीचं काही वाटलं नाही, पण मी पुढे बसले आहे हे बघून तो गोंधळला.

"जनाना पुढं कावून बसलाय?" त्यानं विचारलं.

'कावून' हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. आपण 'का' म्हणतो, ते लोक 'कावून' म्हणतात. पुढचे आठ दिवस मला जो भेटला त्यानं हा शब्द घेऊनच काही ना काही विचारलं.

"गाडीचं पुस्तक यांच्याकडं असतं," मिस्त्री म्हणाले. कारकुनानं माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं, मान हलवली आणि आडवा बांबू वर केला.

घाट मोठा सुंदर आहे. डाव्या हाताला खोल दरी, तळाशी हिरव्या झाडीत महादेवाचं देऊळ आणि कड्यावरून पडणारी पाण्याची बारीक धार. माथ्यावर आलो की देश एकदम बदलतो. आपल्याकडची काळी रानं संपतात. इथे मुरमाड माळ, सीताफळीची पानं झडलेली झुडपं, तरवडाची पिवळी फुलं आणि लांबवर मोकळं आकाश. मांजरा नदी याच डोंगरात उगम पावते असं करीमसाहेबांनी सांगितलं. मला ती नदी काही दिसली नाही, दगडच दिसले.

माथ्यावर पोचलो तेव्हा इंजिनाचं पाणी उकळत होतं. थोडं थांबून झाकण काढावं, असं पुस्तकात लिहिलं आहे आणि मी ते बोलूनही दाखवलं. मिस्त्रींना घाई होती. पेटीतला बर्फ विरघळत होता, त्याचीच ती घाई. त्यांनी फडकं धरून झाकण फिरवलं आणि वाफेचा लोट उजव्या हातावर आला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी लाल होऊन वर आली. ते रस्त्याकडेला जाऊन बसले.

करीमसाहेबांनी पिशवीतून अळशीचं तेल आणि चुन्याची निवळी काढली, एकत्र घोटली, फडक्यावर घेऊन हातावर गुंडाळली.

"बैलाच्या खांद्याला हेच लावतो," ते म्हणाले. "माणसाचं कातडं त्याहून काही वेगळं नसतं. आठ दिवस हाताला काम नको."

मोटार मिस्त्रीला हे सांगणं सोपं, ऐकणं कठीण. पण लॉरी तिथे सोडता येत नव्हती. मग आम्ही एक तोड काढली. मिस्त्री डाव्या हातानं चाक धरतील, पायांची कामं पायांनी करतील आणि गिअरची दांडी मी हलवीन. त्यांनी क्लच दाबून "आता" म्हटलं की मी दांडी टाकायची. पहिल्या दोन वेळा दातांवर दात घासल्यासारखा आवाज झाला. तिसऱ्यांदा दांडी अलगद बसली. पाटोद्यापर्यंत मी एकदाही चुकले नाही, हे मिस्त्रींनीच नंतर दोघातिघांना सांगितलं, म्हणून लिहिते.

पाटोदा

पोचता पोचता दिवस मावळला. लॉरीचे दिवे नावालाच होते, त्यामुळे मुक्काम करावाच लागला. बाजारपेठ लहान आहे, पण आजूबाजूच्या खेड्यांचा सगळा व्यवहार तिथेच चालतो. करडईचे ढीग, घोंगड्या, दोरखंड, तंबाखू. गुरांचा बाजार मात्र बंद होता आणि त्यामुळे गाव उदास वाटत होतं.

करीमसाहेबांनी आम्हाला देवळाशेजारच्या ओवरीत जागा मिळवून दिली. थोड्या वेळानं त्यांच्या घरून एक टोपली आली. तिच्यात ज्वारीचं पीठ, अंबाडीची भाजी, लसूण, मिरच्या आणि करडईचं तेल होतं. सगळा कोरडा शिधा, शिजवलेलं काही नाही. आम्ही त्यांच्या घरचं शिजवलेलं खाऊ की नाही, हा प्रश्न आमच्यावर येऊ नये म्हणून त्यांच्या बीबींनी हा विचार केला होता. त्या मला दिसल्या नाहीत, पण इतका नाजूक विचार मी कमी ठिकाणी पाहिला आहे. आपल्याकडे अंबाडीत शेंगदाण्याचं कूट घालतात, तिकडे ज्वारीच्या कण्या घालतात आणि वरून करडईच्या तेलात लसूण तडतडून ओततात. मी आता घरी तशीच करते.

मिस्त्रींना मी भाकरी मोडून दिली. डाव्या हातानं जेवायला ते लाजत होते.

मांजरसुंब्याच्या वाटेवर

लस जिथे द्यायची ती गुरांची वस्ती मांजरसुंब्याच्या अलीकडे होती, पाटोद्यापासून सहा कोस. सकाळी निघालो तेव्हा पेटीत बर्फाचे मुठीएवढे चार तुकडे उरले होते. वाटेत सोपान नावाचा त्या वस्तीतलाच माणूस भेटला. सलोत्री येणार म्हणून तो पहाटेच चालत निघाला होता. चाळिशीचा, उंच, खांद्यावर घोंगडी. करीमसाहेबांनी त्याला विचारलं, किती जनावरं पडली.

"सात गेली," सोपान म्हणाला. "काल लाल गाय गेली. बाकीची हायेत, पण तोंडातून लाळ गळायलीय चौघींच्या. लई वाट पाह्यली साहेब."

त्याला गाडीत घ्यायला थांबलो होतो, ते निघालो. शंभर पावलं गेलो असू. एकदम टक् असा बारीक आवाज झाला आणि मिस्त्रींच्या पायाखालचं पेडल मेल्यासारखं खाली गेलं. इंजिन चालू होतं, पण नुसतं पुटपुटत होतं. गाडी चार हात घरंगळली आणि थांबली.

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, मी उतरून बोनेट उघडलं. थ्रॉटलची तार कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भांड्याच्या, खिळीपाशी तुटली होती. वळणावर एकेक तंतू झिजत आला होता आणि आज शेवटचा गेला. मिस्त्रींनी डाव्या हातानं तार खेचून खिळीत घालायचा प्रयत्न केला. तार चार बोटं आखूड पडत होती. शिवाय खिळीचा स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढा. तो त्यांच्या बोटांतून दोनदा निसटला. दुसऱ्यांदा धुळीत सापडायला बराच वेळ गेला. उजवा हात पुढे करायला गेले आणि ओठ दाबून मागे घेतला.

करीमसाहेब पेटीचं झाकण उघडून पाहत होते. "ऊन चढायलंय," ते म्हणाले. "चार कोस राहिलेत. अर्धा घंटा थांबतो मिस्त्रीसाब. गाडी झाली तर ठीक, न्हाई तर पेटी डोक्यावर घेऊन आमी पायी निघतो. पायी गेलो तर अर्ध्या बाटल्या तरी चांगल्या राहतील का, मला सांगता येत न्हाई."

"बाजूला सरा," मी मिस्त्रींना म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कधी हात लावला नाहीस."

"हात नाही लावला. पण तीनदा वाचलंय, आणि तुम्ही करताना पाहिलंय."

"तारच पुरत नाही. वाचून ती लांब होणार आहे का?"

"चोकची तार काढू. ती लांब आहे."

त्यांनी फळीवरच्या बटणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चोकशिवाय उद्या सकाळी गाडी चालू कशी करशील?"

"उद्याचं उद्या पाहू. आत्ता इंजिन गरम आहे, आत्ता चोक लागत नाही."

ते उठले आणि बोनेटला पाठ लावून उन्हाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची सावली नेमकी माझ्या हातांवर पडली. त्यातच त्यांचं उत्तर आलं.

मी फळीवरचं बटण सोडवून चोकची तार नळीसकट बाहेर काढली. ती तंतूंची नाही, एकसंध, जाड आणि ताठ आहे. पदर खोचून गाडीखाली आडवी झाले, पेडलच्या कानातून तार ओवली, टोक वळवून पक्कं केलं. मग इंजिनाच्या बाजूनं नळी वर घेतली आणि दुसरं टोक खिळीत घालून स्क्रू आवळला. बायकांची बोटं यासाठी बरी. रोज नथीचा फासा लावणाऱ्या हाताला तो स्क्रू काही बारीक वाटला नाही.

"दाबा," मी म्हणाले. मिस्त्रींनी पेडल दाबलं. तार ओढली गेलीच नाही. नळी मात्र गांडुळासारखी मधोमध वाकली.

"नळी दोन्ही टोकांना बांधलेली हवी," मी आणि मिस्त्री एकदमच बोललो. तिला धरून ठेवायला पट्टी हवी होती. करीमसाहेबांनी लसीच्या पेटीवरची पत्र्याची पट्टी गुरांचे खूर कापायच्या चिमट्यानं कापून दिली. ती नळीभोवती गुंडाळून मी दोन्हीकडे आवळली. तार अगदी ताणून बसवायची नाही, नखाएवढी ढील ठेवायची, नाही तर पाय काढला तरी इंजिन ओरडत राहतं. तेवढी ढील ठेवली. पुन्हा पेडल दाबायला सांगितलं. थ्रॉटलची झडप पूर्ण उघडली, पाय काढला तशी स्प्रिंगनं पूर्ण मिटली.

सोपान इतका वेळ बघत होता. "बाई, हे कुठं शिकलतीस?" त्यानं विचारलं.

"स्टुलावर बसून," मी म्हणाले. हात भाजल्यापासून मिस्त्री पहिल्यांदा हसले.

इंजिन चालू करायचं पुढचं हँडल मारायला सोपानला शिकवलं. तिसऱ्या फेऱ्यात इंजिन लागलं. आम्ही चढून बसलो, मी दांडी टाकली आणि लॉरी निघाली. पन्नास पावलं गेली असेल. खड्ड्यात दणका बसला, इंजिन गुदमरलं, मागून काळा कुट्ट धूर आला आणि सगळं बंद पडलं. पुन्हा हँडल मारलं. पुन्हा धूर, पुन्हा बंद.

भीती वाटली ती इथे. मला वाटलं, चार महिन्यांची मिस्त्रींची मेहनत मी अर्ध्या तासात जाळून टाकली. माझे हात काळे झाले होते. करीमसाहेबांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, पेटी उचलून सोपानच्या डोक्यावर ठेवली. सोपाननं घोंगडीची चुंबळ केली. दोघं चालायला लागले.

"प्लग भिजले असतील," मिस्त्री म्हणाले. "काढून पुसावे लागतील. बराच वेळ जाईल."

मी बोनेट पुन्हा उघडलं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, हे पुस्तकात पानभर लिहिलेलं आहे. हवा कमी का? मी कार्ब्युरेटरच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि आत पाहिलं. हवेची वाट अडवणारी चोकची झडप मिटलेली होती. ती ताठ तारच तिला उघडी धरून ठेवत असे. तार मी काढून घेतली आणि झडप मोकळी सोडली. पहिल्या खड्ड्याला ती आपोआप मिटली आणि इंजिनाचा श्वास कोंडला.

"प्लग ठीक आहेत," मी म्हणाले. "चूक माझी आहे. झडप बांधायची राहिली."

हाताशी दोरा नव्हता. सोपान चढला होता तिथे त्याच्या घोंगडीची लोकर एका खिळ्याला अडकून राहिली होती. तीच ओढून मी पीळ दिला आणि झडप उघडी ठेवून घट्ट बांधली. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, चांगल्या हातानं गाठ ओढून बघितली आणि हँडल स्वतः मारायला गेले. मी त्यांना मारू दिलं नाही. सोपान लांब गेला होता, म्हणून मीच मारलं. आधी कधी मारलं नव्हतं. इंजिन साचलेलं पेट्रोल जाळत दोनदा खोकलं आणि मग स्वच्छ चालायला लागलं.

दोघांना आम्ही पाव कोसावर गाठलं. सोपान डोक्यावर पेटी घेऊन रस्त्याच्या कडेला सरकला. आवाज ऐकूनही त्यानं मागे वळून पाहिलं नव्हतं. गाडी त्याच्या शेजारी थांबली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सुटला. पेटी त्यानं लॉरीत खाली ठेवली नाही. दणके बसू नयेत म्हणून वस्तीपर्यंत मांडीवर धरून बसला.

वस्ती

दोन घरांची वस्ती, काटेरी कुंपण आणि आत लाल कंधारी गुरं. इतकी देखणी जनावरं मी आपल्याकडे पाहिली नाहीत. गडद लाल अंग, काळेभोर डोळे. पण माना खाली आणि नाकाडं कोरडी. सोपानची आई कोंडाबाई कुंपणाशी उभी होती. करीमसाहेबांनी पेटीत हात घातला. बर्फाचं पाणी झालं होतं, पण ते अजून गार होतं. त्यांनी एक बाटली गालाला लावून पाहिली आणि म्हणाले, "चालंल."

मग दुपारभर सुया टोचणं चाललं. सोपान शिंगं धरी, करीमसाहेब टोचत, मी बाटल्या ओल्या फडक्यात धरून एकेक देई. कोंडाबाई प्रत्येक गाईच्या कानाशी तिचं नाव घेऊन काहीतरी बोलत होती. लाळ गळणाऱ्या चौघींना लस देऊन फारसा उपयोग नाही, असं करीमसाहेबांनी तिला सरळ सांगितलं.

"तरी द्या," ती म्हणाली. "त्यांना कावून वाटू द्यायचं का आमाला न्हाई दिली?"

त्यांनी बाकीच्यांना पुरतील एवढ्या बाटल्या मोजून बाजूला काढल्या आणि उरलेल्या त्या चौघींना दिल्या.

सगळं आटोपल्यावर कोंडाबाईनं माझे काळे हात पाहिले. राख आणि करडईचं तेल लावून तिनं ते स्वतः चोळले, बोटं एकेक करून. "हात लई चांगले हायेत तुझे, माय," ती म्हणाली. "दमलीस आज." मला एकदम रडू आलं. सकाळपासून आलं नव्हतं.

करीमसाहेब तिथेच राहिले. आम्ही मांजरसुंब्याला मुक्कामाला गेलो.

परळी

सकाळी इंजिन गार होतं आणि चोक नव्हता. मी लोकरीची गाठ तशीच ठेवली, कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरला, मिस्त्रींनी तिथल्या एका गाडीवानाला हँडल मारायला लावलं. तळव्याला गार ओढ लागली, इंजिन धरलं, मी हात काढला. पुढचे दोन दिवस असंच चाललं. आंबेजोगाईपासून उतार लागतो आणि परळी खाली उन्हात पसरलेली दिसते. स्टेशनाजवळ कापसाच्या गाठी, कोळशाची पूड आणि व्यापाऱ्यांची गडबड. वैजनाथाचं दर्शन घेतलं. उंच पायऱ्या चढून गेल्यावर थंड दगडी गाभारा, आणि तिथे कोणालाही पिंडीला हात लावता येतो. मीही लावला.

देशमुख वयस्कर, मितभाषी गृहस्थ. त्यांचा ड्रायव्हर रंगनाथ हैदराबादेत मोटार शिकून आलेला. त्यानं बोनेट उघडलं, पत्र्याची पट्टी आणि लोकर पाहिली आणि म्हणाला, "मालक, ही तर जोडतोडीची गाडी हाय."

देशमुख मिस्त्रींकडे वळले. "अशी मी घेणार नाही."

"घेऊ नका," मिस्त्री म्हणाले. "दोन्ही नव्या तारा मुंबईहून मागवतो. त्या बसवल्यावर मग बघा."

पाच दिवस आम्ही देशमुखांच्या घरी पाहुणे होतो. सहाव्या दिवशी पार्सल आलं. त्याच दिवशी सकाळी करीमसाहेबांची चिठ्ठी आली होती, मोडीत लिहिलेली. लाळ गळणाऱ्या चौघींपैकी तिघी गेल्या. एक उभी आहे आणि खाते आहे. बाकी कळपात नवीन जनावर पडलेलं नाही. मी ती दोनदा वाचली आणि मिस्त्रींना वाचून दाखवली. तिघी गेल्याचं वाईट वाटत राहिलं आणि चौथीचं बरंही वाटत राहिलं.

दुपारी अंगणात लॉरी उभी केली. मिस्त्रींच्या हाताची पट्टी सुटली होती, पण कातडी अजून कोवळी होती. रंगनाथ पान्हा घेऊन उभा होता.

"दाखवा मिस्त्री," तो म्हणाला.

मिस्त्री पडवीत खांबाला टेकून बसले. "मी नाही. त्या दाखवतील."

रंगनाथनं देशमुखांकडे पाहिलं. देशमुख खुर्ची ओढून बसले. आतल्या दाराशी घरातल्या बायका येऊन उभ्या राहिल्या.

मी तारा रंगनाथच्या हातात दिल्या. "मी लावणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही लावा. गाडी तुम्हाला चालवायची आहे."

त्याला ते आवडलं असावं. मी सांगत गेले, तो करत गेला. आधी नळी दोन्हीकडे आवळा, मग तार. त्यानं तार ताठ ओढून स्क्रू फिरवला. मी त्याला सोडायला लावलं. त्यानं पुन्हा ताठच ओढली. पुन्हा सोडायला लावली.

"ढील कावून ठेवायची?" तो जरा चिडून म्हणाला. "ढिली तार म्हंजे कच्चं काम."

"पेडल दाबून सोडा आणि झडपेकडे बघा."

त्यानं दाबून सोडलं. झडप केसभर उघडी राहिली.

"आता तुम्ही रस्त्यात पाय काढाल," मी म्हणाले, "समोर माणूस असेल आणि गाडी थांबणार नाही."

त्यानं वाकून ती फट पाहिली. मग त्यानं स्वतःच स्क्रू सैल केला, नखानं मोजून तार सोडली, पुन्हा आवळला. दाबलं, सोडलं. झडप टक् करून मिटली. त्यानं आणखी दोनदा करून पाहिलं. चोकची तार लावताना त्याला मी काही सांगितलं नाही, ती त्यानं बरोबर लावली.

"झालं का मिस्त्री?" देशमुखांनी पडवीकडे वळून विचारलं.

मिस्त्री उठले नाहीत. "त्यांना विचारा," ते म्हणाले.

देशमुख खुर्चीतून उठले, माझ्याकडे आले आणि दोन पावलं अलीकडे थांबले. "झालं का, बाई?"

मी एकदा स्क्रूला बोट लावून पाहिलं. "झालं," मी म्हणाले. "आता कापूस भरा."